संग्रही राजा, अपरिग्रही वृत्ती : औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

श्रावकाच्या पाच अणुव्रतांमध्ये परिग्रहपरिमाण व्रताचे स्थान मोठे आहे. गृहस्थाने धन मिळवूच नये, वस्तू बाळगूच नयेत, असे हे व्रत सांगत नाही. त्याने आपल्या मालकीला स्वतःहून मर्यादा घालावी आणि त्या मर्यादेपलीकडचे समाजाकडे वळते करावे, अशी या व्रतामागील दृष्टी आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही दानाची चार अंगे याच दृष्टीतून समाजात रुजली. मंदिरे, धर्मशाळा, पाठशाळा आणि पांजरपोळ सांभाळणारी विश्वस्त मंडळे ही त्याच विचाराची व्यवहारातील रूपे होत. जे हाती आले ते आपले नाही, ते केवळ आपल्याकडे सांभाळावयास दिलेले आहे, हा भाव विश्वस्तपणाचा प्राण आहे.

जैन कुळात जन्म न घेताही हा भाव आयुष्यभर जपणारा एक राजा महाराष्ट्राच्या भूमीत होऊन गेला. जन्माने तो सत्ताधीश होता, वृत्तीने चित्रकार आणि कीर्तनकार होता. त्याने आयुष्यभर सुंदर वस्तूंचा संग्रह केला आणि तो संग्रह एका लहानशा गावी, डोंगराच्या उतारावर, सर्वांसाठी मांडून ठेवला. सत्तेचीही त्याने हीच वाट लावून दिली. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे हे चरित्र आहे.

घराणे आणि संस्कार

औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव. गावाला लागून असलेल्या डोंगरावर श्री यमाईदेवीचे मूळपीठ आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या कठीण काळात मराठी राज्य सावरून धरणाऱ्या पुरुषांमध्ये किन्हईचे परशुराम त्रिंबक हे एक होते. त्यांच्याकडे प्रतिनिधिपद आले व त्यांच्या वंशात ते पुढे चालू राहिले. पेशवाईच्या अस्तानंतर या घराण्याकडे उरले ते औंधचे संस्थान. सुमारे ५०० चौरस मैलांचा हा मुलूख सलगही नव्हता. औंधचा भाग एकीकडे, कुंडल दुसरीकडे, तर आटपाडीचा दुष्काळी टापू तिसरीकडे. मोठा सागरकिनारा नाही, खाणी नाहीत, बारमाही पाण्याची शाश्वती नाही, अशी या राज्याची स्थिती होती.

अशा घराण्यात दिनांक २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. वडील श्रीनिवासराव हे संस्थानचे अधिपती होते. बाळासाहेबांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले व त्यांनी बी. ए. ही पदवी संपादन केली. संस्कृत आणि मराठी वाङ्मयाची गोडी, पुराणकथांचे प्रेम आणि चित्रकलेचा छंद या तिन्ही गोष्टी त्यांना तरुणपणीच लाभल्या. राजपुत्राच्या करमणुकीपुरती त्यांची चित्रकला नव्हती. ते स्वतः हातात कुंचला घेऊन नियमाने काम करीत. हरिकीर्तनासाठी ते स्वतः उभे राहत आणि सूर्यनमस्कार हे तर त्यांच्या दिनचर्येचे व्रतच होते. पुढे त्यांनी संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि सूर्यनमस्कारांचे नाव परदेशात पोहोचले.

गादीवर येण्याची त्यांना घाई नव्हती आणि ती सहज लाभलीही नाही. वडिलांच्या मागे ज्येष्ठ बंधू व त्यांच्या मागे पुतणे अशा क्रमाने गादी फिरली आणि १९०९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बाळासाहेब संस्थानचे अधिपती झाले.

ओसाड माळावर उद्योगाचे रोप

राज्याचा विस्तार लहान असला तरी गुणांची पारख मोठी असू शकते, हे बाळासाहेबांनी पहिल्याच वर्षी दाखवून दिले. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्या वेळी बेळगावात नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार करीत. तेथील कारखान्याची जागा त्यांना सोडावी लागली. औंधच्या मंदिराच्या सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचा बाळासाहेबांशी परिचय होता. कारखाना कोठे न्यावा या चिंतेत असलेल्या या उद्योजकाला बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात बोलावले, कुंडल रेल्वे स्थानकाजवळची जमीन दिली आणि बिनव्याजी कर्जही दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारागिरांची ही वसाहत पुढे महाराष्ट्राच्या उद्योगजीवनाचे एक तीर्थ ठरली. कराडजवळच्या ओगले बंधूंच्या काच कारखान्यासही बाळासाहेबांचे साहाय्य लाभले.

हे कुंडल गाव जैन बांधवांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. गावातील श्री कलिकुंड पार्श्वनाथ आणि जवळच्या डोंगरावरील झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ यांच्या दर्शनासाठी दक्षिण महाराष्ट्रातील श्रावक पिढ्यान्पिढ्या तेथे येत आले आहेत. यमाईचा भक्त असलेल्या राजाच्या राज्यात पार्श्वप्रभूंचे हे क्षेत्र होते. डोंगरावर पूजेचा घंटानाद आणि पायथ्याच्या माळावर कारखान्याचा भोंगा, असे दोन्ही स्वर कुंडलच्या परिसराने ऐकले.

विद्वानांनाही औंधचा आसरा मिळाला. वेदाभ्यासक आणि चित्रकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंध येथे स्वाध्याय मंडळाची स्थापना केली व वेदग्रंथांच्या प्रकाशनाचे प्रचंड कार्य तेथून चालविले. ब्रिटिश सरकारची त्यांच्यावर वक्रदृष्टी होती. तरीही बाळासाहेबांनी त्यांना अंतर दिले नाही.

शास्त्रदान

बाळासाहेबांच्या कलासाधनेचे पहिले मोठे फळ म्हणजे चित्ररामायण. रामकथेतील प्रसंगांची त्यांनी स्वतः रंगविलेली चित्रे १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर त्यांचे लक्ष महाभारताकडे वळले. महाभारताची सचित्र आवृत्ती निघावी या इच्छेने त्यांनी १९१८ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला एक लक्ष रुपयांचे दान देऊ केले. विद्वानांनी या कल्पनेला संशोधनाची जोड दिली आणि देशभरातील हस्तलिखिते ताडून पाहून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेण्यात आले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या संपादकांनी त्यासाठी आयुष्य वेचले. हे कार्य पूर्ण होण्यास १९६६ साल उजाडले. दात्याच्या निधनाला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. ज्या कार्याची समाप्ती आपल्या डोळ्यांनी पाहावयास मिळणार नाही, त्यासाठी लहानशा संस्थानच्या अधिपतीने एवढी रक्कम द्यावी, हे खरे शास्त्रदान होय.

अजिंठा आणि वेरूळ या लेण्यांनी त्यांना आयुष्यभर ओढ लावली. अजिंठ्याची भित्तिचित्रे काळाच्या ओघात झिजत चालली होती. त्यांच्या प्रतिकृती करून ठेवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले होते. पण मेजर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली झालेल्या अनेक प्रतिकृतींचीही १८८५ मध्ये तीच गत झाली. या पार्श्वभूमीवर बाळासाहेबांनी चित्रकारांना सोबत घेऊन अजिंठ्यास मुक्काम केला व तेथील चित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्या लंडनला गेल्या नाहीत, औंधला आल्या. अजिंठ्यावरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

वेरूळवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. बौद्ध, वैदिक आणि जैन या तिन्ही परंपरांची लेणी एकाच डोंगराच्या कड्यात शेजारी शेजारी नांदतात, हे वेरूळचे वैशिष्ट्य. इंद्रसभा, जगन्नाथसभा आणि छोटा कैलास ही तेथील जैन लेणी उत्तरेच्या टोकाला असल्याने थकलेला प्रवासी पुष्कळदा तेथवर पोहोचत नाही. भगवान पार्श्वनाथ आणि वेलींनी वेढलेले बाहुबली यांच्या तेथील मूर्तींपुढे उभे राहिले म्हणजे त्यागाला शिल्पकाराने किती सुंदर रूप दिले आहे, हे ध्यानात येते. बाळासाहेबांची रसिकता पंथाच्या कुंपणात अडकणारी नव्हती. सुंदर ते सर्वांचे, ही त्यांची धारणा होती.

डोंगरावरील संग्रहालय

अशी अनेक वर्षे गेली. या काळात बाळासाहेबांनी चित्रे, मूर्ती, हस्तिदंताच्या व चंदनाच्या कोरीव वस्तू, धातूची कामे, जुनी हस्तलिखिते आणि ग्रंथ यांचा मोठा संग्रह केला. राजवाड्यात तो ठेवता आला असता. पाहुण्यांना दाखवून कौतुक मिळविण्याची सोय तेथे अधिक होती. पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेला तो देऊन नाव कमावणेही अवघड नव्हते. बाळासाहेबांनी यांपैकी काहीही केले नाही. यमाईच्या मूळपीठाकडे जाणाऱ्या डोंगरावर, चढणीच्या मध्यावर, त्यांनी संग्रहालयाची स्वतंत्र इमारत बांधविली. १९३८ मध्ये सिद्ध झालेले हेच औंधचे श्री भवानी संग्रहालय होय.

जागेची ही निवड अर्थपूर्ण आहे. यमाईच्या दर्शनाला येणारा शेतकरी, मेंढपाळ, बलुतेदार या वाटेने वर चढतो. आयुष्यात कधी मुंबईचे संग्रहालय न पाहिलेल्या माणसाला देवीच्या वाटेवरच अजिंठ्याचे दर्शन घडावे, अशी ही योजना आहे. इमारतीची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. दालनांमध्ये उजेड वरून, सौम्यपणे उतरतो, त्यामुळे चित्रांवर थेट ऊन पडत नाही आणि दिव्यांवाचूनही ती नीट पाहता येतात. खेड्यात वीज दुर्मीळ असलेल्या काळात ही दृष्टी मोलाची होती.

संग्रहालयातील वैभवाची कल्पना थोडक्यात देणे कठीण आहे. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे येथे आहेत. महादेव विश्वनाथ धुरंधर, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, माधवराव सातवळेकर अशा महाराष्ट्रीय चित्रकारांच्या कृती आहेत. मोगल, राजपूत, पहाडी आणि दख्खनी शैलींची लघुचित्रे आहेत. पाश्चात्य चित्रकारांच्या गाजलेल्या कृतींच्या नकला आहेत, त्यामुळे युरोपची कला कशी असते हे गावातल्या विद्यार्थ्याला गावातच समजते. विसाव्या शतकातील थोर इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालक हे दगडी शिल्पही याच डोंगरावर आहे. स्वतः बाळासाहेबांनी रंगविलेली चित्रेही येथे आहेत आणि जोडीला समृद्ध ग्रंथालय आहे.

दुष्काळी मुलखाच्या राजाने चित्रांवर पैसा खर्च करणे कितपत योग्य, अशी शंका येथे कोणालाही येईल. ही शंका रास्त आहे आणि ती टाळून बाळासाहेबांचे मूल्यमापन करता येणार नाही. संस्थानच्या तिजोरीत येणारा पैसा अखेर रयतेच्या घामाचाच होता. परंतु त्या पैशातून जमलेले वैभव ज्याने रयतेच्याच दारात मांडले, त्याच्या संग्रहाला निव्वळ परिग्रह म्हणता येत नाही. संग्रह कोणासाठी केला आणि अखेरीस कोणाच्या हाती दिला, यावर त्याचे पाप-पुण्य ठरते. बाळासाहेबांनी या कसोटीचे उत्तर संग्रहालयापुरते दिले नाही. ज्या वर्षी संग्रहालय सिद्ध झाले, त्याच वर्षी त्यांनी आपला सर्वांत मोठा परिग्रह, म्हणजे राजसत्ता, रयतेच्या स्वाधीन करण्याची घोषणा केली.

सत्तेचे विसर्जन आणि अभयदान

नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी आपल्या प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. त्यांचे सुपुत्र आप्पासाहेब पंत हे विलायतेतून शिक्षण घेऊन परतले होते. मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या, गांधीविचाराने भारलेल्या अभियंत्याची त्यांना साथ होती. या मंडळींनी महात्मा गांधींचा सल्ला घेऊन राज्यघटनेचा आराखडा सिद्ध केला. दिनांक २१ जानेवारी १९३९ रोजी ही घटना अमलात आली. गावाने आपली पंचायत निवडावी, पंचायतींमधून तालुक्याचा कारभार उभा राहावा आणि त्यातून राज्याची विधिसभा बनावी, अशी ती खालून वर जाणारी रचना होती. महसुलाचा मोठा वाटा गावाच्या कामांसाठी गावाकडेच परत जावा आणि राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा असावी, ही या व्यवस्थेची वैशिष्ट्ये होती. देशातील बहुतेक संस्थानिक आपला अधिकार घट्ट धरून बसले असताना सत्तरी गाठलेल्या या राजाने तो आपण होऊन सोडला. परिग्रहपरिमाण सत्तेलाही लागू होते, याचे हे विरळा उदाहरण.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या बंदिवानांना भिंती व बेड्यांवाचून, शेती करून, कुटुंबासह राहू देण्याचा हा प्रयोग होता. ज्याच्या हातून हिंसा घडली त्याच्यावरच विश्वास टाकावयाचा आणि त्याला माणूस म्हणून पुन्हा उभे करावयाचे, ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती. स्वतंत्रपूरची वसाहत संस्थानच्या विलीनीकरणानंतरही शासनाच्या कारागृह व्यवस्थेत टिकून राहिली. या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये दो आँखें बारह हाथ हा चित्रपट काढला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानातीलच माडगूळचे. दुसऱ्याच्या मनातील भय नाहीसे करणे हे अभयदान मानले, तर स्वतंत्रपूर हे त्याचे सामाजिक रूप म्हणावे लागेल.

या प्रयोगांना काळाने फार अवधी दिला नाही. औंधचे ग्रामराज्य जेमतेम नऊ वर्षे चालले. साक्षरता कमी, पैसा अपुरा आणि भोवताली महायुद्धाची धामधूम, अशा परिस्थितीत सर्वच गावांत ते सारखे यशस्वी झाले असेही नाही. तरीही गावातील सामान्य माणूस कारभार करू शकतो, हा विश्वास पंचायत राज्याची देशव्यापी चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी येथे प्रत्यक्षात उतरला होता.

अखेरची वर्षे

साहित्यक्षेत्रानेही बाळासाहेबांचा गौरव केला होता. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले होते. आत्मचरित्र, प्रवास, आरोग्य, कला अशा विविध विषयांवर त्यांची लेखणी चालली.

देश स्वतंत्र झाल्यावर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सत्ता आधीच रयतेच्या हाती सोपविलेली असल्याने राजाला सोडण्यासारखे फारसे उरलेले नव्हते. त्यानंतर तीन वर्षांनी, दिनांक १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी बाळासाहेबांची जीवनयात्रा समाप्त झाली.

विलीनीकरणाच्या त्या धामधुमीत देशातील अनेक राजघराण्यांचे संग्रह खासगी मालमत्ता म्हणून बंद दारांआड गेले, काही वाटण्यांत विभागले गेले, काही व्यापाऱ्यांच्या हाती पडून परदेशी गेले. औंधचा संग्रह मात्र जागचा हलला नाही. महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या व्यवस्थेखाली तो त्याच डोंगरावर, त्याच इमारतीत राहिला. दात्याने तो जेथे आणि ज्यांच्यासाठी मांडला, तेथेच आणि त्यांच्यासाठीच तो टिकला. राजे गेले, संस्थान गेले, गादी गेली. विश्वस्तपणाने सांभाळलेली ठेव तेवढी उरली.

स्मरणाचे प्रयोजन

सुवर्ण महोत्सव साजरा करणाऱ्या कोणत्याही विश्वस्त संस्थेने बाळासाहेबांचे चरित्र पुन्हा आठवावे, ते याचसाठी. गावोगावच्या जिनमंदिरांत आणि उपाश्रयांत पूर्वजांनी जपलेली हस्तलिखिते आहेत, प्राचीन धातुप्रतिमा आहेत, कोरीव लाकडी देव्हारे आहेत, शिलालेख आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांची साधी सूचीही झालेली नाही. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने खांब अडगळीत जातात, शिलालेखांवर रंग चढतो आणि पोथ्यांना कसर लागते. नवे शिखर बांधणे हे पुण्यकर्म आहेच. परंतु पूर्वजांची ठेव पुसून, नोंदवून, सुरक्षित ठेवून पुढच्या पिढीपुढे मांडणे हेही शास्त्रदानच आहे. त्यासाठी राजवैभवाची गरज नाही. मंदिराच्या आवारातील एखादी कोरडी खोली, काचेची चार कपाटे, नीट लिहिलेली नोंदवही आणि येणाऱ्या मुलांना माहिती सांगणारा एक जाणता माणूस एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो.

एका दुष्काळी मुलखाच्या राजाने आपला संग्रह डोंगराच्या वाटेवर मांडला आणि आपली सत्ता गावाच्या चावडीवर ठेवली. दोन्ही ठिकाणी तो स्वतःला मालक न मानता राखणदार मानून वागला. विश्वस्तपदाची शपथ घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी औंधचा तो डोंगर चढून जावे. चढणीच्या मध्यावरच्या त्या शांत दालनांत अपरिग्रहाचा एक वेगळा पाठ मिळेल.

त्या थोर विश्वस्ताच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!